पोस्टमास्तरांचं सरपण

जेवता जेवताच मुलाने निकाल लावून टाकला. "बाबा, उद्या सकाळी सामान भरायचं. थंडी तोंडावर आली, सरपण फोडायला माणूस मिळत नाही आणि तुम्हाला ते झेपत नाही. दोघांनीही शहरात यायचं."

निवृत्त पोस्टमास्तरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. हे घर, ही विहीर, हे अंगण सोडून सातव्या मजल्यावर राहायचं? त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून भात कालवत होती. म्हणजे हीसुद्धा फितूर!

मुलगा पाठ टेकताच घोरायला लागला, तेव्हा मास्तर कुऱ्हाड आणि टॉर्च घेऊन गुपचूप परसात आले. फोडलेल्या लाकडांची रास सकाळी दिसली की पोराची बोलती बंद होणार होती.

टॉर्च दातांत धरून त्यांनी घाव घातला. पण पस्तीस वर्षं या हातांनी फक्त पाकिटांवर शिक्के मारलेले. घावही तसेच पडले, टपाटप आणि घाईघाईत. ओंडक्यावर नुसत्या खुणा उमटल्या. मास्तर चिडले. कुऱ्हाड डोक्यामागे नेऊन त्यांनी सगळा जीव एकवटला, आणि पातं दांड्यातून सुटून शेजारच्या गवळ्याच्या गोठ्यावर, थेट पत्र्यावर, धाडकन आदळलं.

गाई हंबरल्या. गवळी काठी घेऊन ओरडतच आला, "चोर! चोर! लाकूडचोर!"

आता बिंग फुटणार! मास्तरांनी दांडा झुडपात फेकला आणि "कुठाय? कुठाय?" करत स्वतःच चोर शोधायला धावले.

"तिघं होते मास्तर! एक तर चांगला सहा फुटी."

"हो हो, मी पाहिला ना!" मास्तर म्हणाले. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला यापेक्षा मोठा मान कोण देणार?

एवढ्यात मुलगा डोळे चोळत बाहेर आला. मागून आई दिवा घेऊन आली. "घ्या! आता चोरही यायला लागले," मुलगा म्हणाला. "सकाळची वाट कशाला बघायची? आई, आत्ताच निघू."

मास्तर घाईने पुढे सरसावले. "अरे, चोरबीर कुणी नाही. मीच लाकडं फोडत होतो!"

गवळी फिसकन हसला. "मास्तर, धीर द्यायला म्हणून काहीही काय सांगता? तुमच्यानं भुईमुगाची शेंग फुटायची नाही!"

"असं? आण तुझी कुऱ्हाड!"

"बाबा, राहू द्या हो."

"तू बाजूला हो!"

गवळ्याची कुऱ्हाड हवेत गेली आणि खाली आली. ओंडक्याची उभी दोन शकलं झाली.

"आयला!" गवळी म्हणाला.

मुलगा बघतच राहिला. "बाबा, तुम्हाला हे जमतं?"

"मग काय!" मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. दुसरीकडे बघणं शक्यच नव्हतं, कारण कंबर तिथल्या तिथे धरली होती. जरा उठायला गेले तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. एवढं जिंकून आता सगळं हातचं जाणार, या विचाराने त्यांना रडूच यायला लागलं.

बायको दिवा घेऊन जवळ आली. एका नजरेत तिला सगळं कळलं. तिने पदराने दिवा आड केला आणि त्यांच्या कानाशी पुटपुटली, "अहो, तसेच वाकून राहा. ढलप्या वेचल्यासारखं करा. मी पोराला आत नेऊन झोपवते. मला मेलीला तरी कुठं जायचंय तिकडं!"