बर्फ वर गेला आहे

एप्रिल लागला की सुधाकर नाफडे स्कीचे बूट घालून भाजी आणायला जातात.

डेन्व्हरच्या आमच्या उपनगरात तोवर लोकांच्या पायात सँडल आलेल्या असतात. इंडियन स्टोअरच्या फरशीवर नाफडेकाकांच्या बुटांची टपटप भेंडीपाशी सुरू होते आणि फ्रोझन पराठ्यांपर्यंत ऐकू येते. गल्ल्यावरचे गुजराती मालक दर वर्षी विचारतात, "काका, बाहर बर्फ गिर रहा है क्या?" भेंडीचं टोक मोडून बघत काका दर वर्षी सांगतात, "बर्फ खतम नहीं हुआ. ऊपर गया है."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे. इथल्या मराठी मंडळातल्या एका शोकसभेत काका बोलायला उभे राहिले, तेव्हा आता हे वाक्य येतंय की काय, या भीतीने पुढच्या रांगेतल्या दोघांनी माना खाली घातल्या होत्या. काका तेव्हा नीट बोलले.

त्यांचे बूट स्की रिसॉर्टच्या लिफ्टच्या रांगेत दिसतात तसे प्लास्टिकचे नाहीत. ते चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे, लांब नाडीचे आहेत. पुढे एक चपटी पट्टी निघते. तिच्याखाली तीन भोकं असतात. स्कीवरचे तीन खिळे त्यांत बसतात आणि टाच मोकळी राहते. काका त्या पट्टीला चोच म्हणतात, मंडळातली मुलं त्या बुटांना "डक शूज". मोकळ्या टाचेमुळे या बुटांनी रानातल्या बर्फावर चढताही येतं आणि घसरताही येतं. दगडामातीतून तासन्‌तास चालण्यासाठी ते केलेले नाहीत. काका मात्र त्यासाठीच ते जास्त वापरतात, कारण मे महिन्यात बर्फ सुरू होतो तो गाडीरस्त्यापासून फार वर.

बाकीचे लोक साध्या बुटांनी चढतात, स्कीचे बूट पाठीवर नेतात आणि बर्फाच्या कडेला बदलतात. काकांना हे पटत नाही. "बुटांनी आपल्याला वाहायचं की आपण बुटांना, हे माणसाने एकदा ठरवून टाकावं," असं ते म्हणतात. पाय आधीपासून तयार हवेत, म्हणून एप्रिलपासून ते बूट घरी, बँकेत आणि भाजीला जाताना पायात असतात. सत्यनारायणालाही. नाड्या सोडायला इतका वेळ लागतो की एकदा ते पायरीवर बसलेले असतानाच आरती सुरू झाली. त्यांनी बाहेर बसूनच टाळ्या वाजवल्या आणि प्रसादही तिथेच घेतला.

काका मूळचे अकोल्याचे. पुलांचं डिझाइन करण्यात सगळी नोकरी सरली. स्की शिकवली ती ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. दोघे दर वसंतात वर जायचे. सहकारी रिटायर झाला आणि ॲरिझोनाला राहायला गेला. "तिथे वरही काही नाही," काका सांगतात. त्यानंतर ते एकटेच जाऊ लागले, आणि सोबतीला कोणी येतं का, ते विचारू लागले.

विचारणं कुठेही चालतं. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांनी एकदा पुण्याहून नव्याने आलेल्या रोहितला पकडलं.

"शनिवारी येतोस का वर?"

"काका, सीझन ओव्हर झाला ना? रिसॉर्ट बंद झालेत."

"रिसॉर्ट बंद झाले. बर्फाला कुणी कळवलं नाही."

"नेक्स्ट यर पक्का, यार काका."

"नेक्स्ट यरवाल्यांची एक बस भरेल आता," काका म्हणाले आणि मसालेभाताच्या रांगेत लागले.

शुभाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, कोणी विचारलं की त्या का जात नाहीत, तर त्यांचं उत्तर तयार असतं. "सहा महिने तो बर्फ आमच्या दारात येतो. तेव्हा मी त्याला भेटते. आता तो गेलाय, तर त्याच्या मागे कशाला जाऊ?" पण शनिवारी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या त्याच करून देतात.

एका वर्षी काकांनी फोन दगडाला टेकवून स्वतःचं शूटिंग करायचा प्रयत्न केला. काकांची टोपी सुरुवातीला क्षणभर दिसते. मग फोन कलंडतो, आकाश दिसतं, आणि खारीच्या जातीचा, मांजराएवढा एक मार्मट येऊन कॅमेरा हुंगतो. काकांनी हा व्हिडिओ मंडळात मोठ्या पडद्यावर दाखवला. मार्मट सगळ्यांना आवडला.

यंदा विचारण्याची तऱ्हा बदलली. जूनमध्ये उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर चाला, सायकल चालवा, पण स्कीवरचं ते गुडघा वाकवून घेतलेलं वळण विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या वळणाला टेलिमार्क म्हणतात, आणि या बुटांवर काकांना तेवढंच येतं. म्हणजे हा शेवटचा वसंत. तरीही नेक्स्ट यरवाल्या बसमधलं कोणी उतरलं नाही. एका संध्याकाळी काका माझ्या दारात आले. मी पलीकडच्याच घरात राहते.

"तुला स्की येत नाही, ठाऊक आहे. पण तू पेपरात बातमीदार होतीस. तुला बघायची सवय आहे. येशील?"

मी हो म्हटलं.

शनिवारी डोंगरातल्या रस्त्याच्या बंद गेटपाशी गाडी ठेवून आम्ही निघालो तेव्हा वाट कोरडी होती आणि धूळ उडत होती. काकांच्या पाठीवर स्की उभ्या बांधलेल्या, टोकं डोक्याच्या बरीच वर. पाइनची फांदी आडवी आली की त्यांना वाकावं लागे, आणि त्या वाटेवर पाइन पुष्कळ होते. चोच दर थोड्या वेळाने दगडाला अडकत होती. समोरून हाफ पँटमधलं एक जोडपं उतरत आलं. त्यांनी आधी स्कीकडे पाहिलं, मग बुटांकडे, मग धुळीकडे.

"इज देअर स्नो?" बाईंनी विचारलं.

"अप," काका म्हणाले आणि चालू लागले.

पहिला बर्फ झाडांच्या सावलीत लागला. मळका, वर पाइनच्या काड्या पडलेल्या. मी थांबले. काका थांबले नाहीत.

"हा उरलेला आहे. आपला पुढे आहे."

चढावर ते उजवा पाय जपून टाकत होते. मी विचारलं, फार दुखतंय का.

"त्याला माहीत आहे जूनमध्ये काय होणार ते. म्हणून कुरकुरतोय."

झाडी संपली आणि डोंगराच्या कुशीत शाळेच्या मैदानाएवढा पांढरा उतार दिसला. काकांनी टाच आपटून पाहिली. बर्फ रात्री गोठतो, उन्हाने वरचा थर सैल होतो, आणि मधला थोडा वेळच चांगला असतो, हे त्यांनी सांगितलं. अजून तो कडक होता. आम्ही खडकावर बसून पुऱ्या खाल्ल्या. काका मधून मधून उठून टाच आपटत होते आणि परत येऊन बसत होते.

मग म्हणाले, "तू इथेच बस. फोन आत ठेव. नुसतं बघ."

ते वर चढले. बऱ्याच वेळाने वळले, एकदा हात वर केला आणि निघाले. उतरायला फार वेळ लागला नाही. ते पडले नाहीत. माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबले, काठ्यांवर रेलले आणि धाप ओसरायच्या आत म्हणाले, "कसं दिसलं?"

मी म्हटलं, छान.

"छान नको. काय दिसलं ते सांग."

मी सांगितलं. डावा पाय पुढे सरकला, उजवी टाच उठली, उजवा गुडघा खाली गेला, बर्फापासून वीतभर वर राहिला. पाठ ताठ होती. हात लांब पसरले होते, पण हलत नव्हते. जमिनीवर पडलेलं काही उचलायला वाकावं आणि न उचलताच उठावं, तसे तुम्ही उठलात. उठता उठता पाय बदलले आणि दुसऱ्या बाजूला तसेच वाकलात. मधे कुठे तुटलं नाही. तिसऱ्या वळणाला डावी काठी उशिरा टेकली, बाकी सगळं सारखं.

काकांनी डोळे मिटले होते.

"गुडघा वीतभरच राहिला?"

"वीतभरच."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी स्की काढल्या, खडकाला लावून ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत उभे राहिले. दुसऱ्यांदा वर गेले नाहीत. उतरताना अर्ध्या वाटेवर म्हणाले, "शुभाला सांगशील का? असंच. एक शब्द न बदलता."

संध्याकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात मी सांगितलं. त्या आमटीला फोडणी देत होत्या. गुडघा खाली जातो, इथपर्यंत आल्यावर त्यांनी गॅस बंद केला आणि हात पुसून खुर्ची ओढली. काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"दुखऱ्या पायाने उगाच चिखल तुडवायला जातात, असंच मला वाटायचं," काकू मला म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "इतकी वर्षं जाताय. असं दिसतं, हे कधी सांगितलं नाहीत?"

"मला तरी कुठे दिसतं," काका म्हणाले.