गाठोड्यावरचा आकडा

बंडूभाऊ साध्या नोटिशीलाही आवृत्तीचा नंबर देत. वरोऱ्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हा दारावर त्यांच्या अक्षरातला कागद असे : ‘चपला बाहेर काढाव्या. ०.४’. ०.३ मध्ये ‘बाहेर’ राहून गेलं होतं आणि पोरांनी चपला आत येऊन काढल्या होत्या. नंबर कशाला हवा, असं मी विचारलं, तर म्हणाले, “मंग नवा कागद कोनता, ते कसं समजन?” दारावर एकच कागद होता. मी वाद वाढवला नाही.

क्लासमध्ये ते शिकवत आणि उरलेल्या वेळात लिनक्ससाठी राबत. लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून उभी केलेली मोफत प्रणाली. तिच्यासाठी कुणी प्रोग्राम लिहितो, तर दुसरा कुणी तो नीट बांधून, वर आकडा घालून सगळ्यांपर्यंत पोचवतो. बंडूभाऊ ही गाठोडी बांधत. पगार शून्य, टेलिफोनची लाइन माझी.

१.९ नंतर १.१० येतो, कारण ठिपक्यापुढचा दहा नऊपेक्षा मोठा, हे त्यांनी पोरांना इतकं पक्कं शिकवलं की शाळेच्या परीक्षेत चौघांनी तेच लिहिलं. गणिताचे सर भांडायला आले. बंडूभाऊंनी त्यांना तासभर बसवून समजावलं. त्यानंतर त्या शाळेतून माझ्याकडे एकही विद्यार्थी आला नाही.

त्यांचं लाडकं गाठोडं म्हणजे मराठी टाइप करायचा एक प्रोग्राम. सावली गावच्या एका निवृत्त गुरुजींनी तो लिहिला होता. गुरुजी आवृत्तीला सरळ साल घालत : २००३, मग २००४. पुढच्या वर्षी त्यांची सीडी आली, तिच्यावर लिहिलं होतं १.०.

बंडूभाऊंनी डोकं धरलं. मशीन फक्त आकडा बघतं. ज्याच्याकडे २००४ आहे, त्याचं मशीन १.० ला जुनं समजणार आणि घेणारच नाही. उपाय एकच. आकड्याच्या आधी एक खूण लावायची : मागचं सगळं विसर, इथून नवी मोजणी. पण ती एकदा लावली की कायमची. बंडूभाऊंच्या एकाही गाठोड्यावर ती नव्हती आणि याचा त्यांना भारी अभिमान. “गोंदन हाये ते, बाई. निंगत नाई. मी नाई लावत.”

गुरुजींना पत्रं गेली, फोन झाले. २००५ म्हणा, एवढंच मागणं. गुरुजी ढिम्म. शेवटी बंडूभाऊ, आता भांडूनच येतो म्हणत, चंद्रपूरला गाडी बदलून सावलीला गेले.

दुसऱ्या दिवशी परतले. खोदून विचारलं तेव्हा कळलं. गुरुजींची नजर गेली होती. शेवटच्या चुका त्यांनी सुनेला पडद्यावरचं एकेक अक्षर वाचायला लावून दुरुस्त केल्या होत्या. बंडूभाऊंनी सालाचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले होते, “पुढच्या वर्षी अजून करीन म्हनून साल टाकत होतो, बंडू. आता काम पुरं झालं. एक लिही.”

त्याच दुपारी बंडूभाऊंनी गोंदण लावलं. गुरुजींचं १.० सगळीकडे पोचलं.

पुढे वर्षभरात गुरुजी गेले. प्रोग्राममध्ये चुका निघत राहिल्या, बंडूभाऊ त्या दुरुस्त करत राहिले. न उमटणारी जोडाक्षरंही त्यांनीच बसवली. एकदा मी पडद्यावर पाहिलं : १.०, मग आडवी रेघ, मग ४१.

“अर्ध्याहून जास्त आता तुम्हीच लिहिलंय, भाऊ,” मी म्हटलं. “दोन म्हणून टाका की.”

त्यांनी मान वर केली नाही.

“रेघेच्या आधीचा आकडा लिहिनाऱ्याचा राह्यते, बाई. नंतरचा बांधनाऱ्याचा. गुरुजीनं एक सांगतलं हाये.”

आणि त्यांनी एकेचाळीस पुसून बेचाळीस केलं.