जाड अक्षरांचा गुरुवार

"ही अक्षरं एवढी खाऊनपिऊन कुठून आली रे?" संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवत पुष्पाने विचारले.

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ उमेशचे बॅनर छापायचे दुकान होते. त्याला नुकताच एक नवा फॉन्ट सापडला होता. जुन्या सर्कशीच्या जाहिरातीत शोभतील अशी काळीकुट्ट, जाडजूड अक्षरे आणि प्रत्येकाच्या पायाशी चौकोनी ठोकळा. जणू अख्खी बाराखडी गमबूट घालून भाताच्या चिखलणीला निघाली होती.

"वहिनी, लांबून दिसतात. जीप कितीबी जोरात असू दे, वाचता येतंय."

"पण पायात ते काय घातलंय?"

"जुनी फॅशन हाय. नायतर एवढी जड अक्षरं उभी कशी ऱ्हातील?"

खरे कारण उमेशलाही ठाऊक नव्हते, पण त्या अक्षरांवर त्याचा जीव जडला होता. एका बारशाच्या बॅनरवर त्याने ती वापरली, तर लोकांना वाटले बाळ निवडणुकीला उभे आहे. श्रद्धांजलीवर वापरली, तेव्हा गेलेल्या म्हाताऱ्याच्या मुलाने "आमचा बा एवढा ओरडत नव्हता" म्हणून बॅनर परत केला. ही अक्षरे नेमकी कशाला चालतात, याचे उमेशला भारी कुतूहल होते.

पुष्पाचे काम छोटे होते. दाभोशाच्या धबधब्याकडे वळायच्या रस्त्यावर तिची झोपडी होती. तिथे ती नाचणीची भाकरी, चटणी आणि चहा विकायची. गुरुवारी ती मोखाड्याला आईकडे जायची आणि त्या दिवशी आलेली माणसे चरफडत परतायची. म्हणून तिला पाटी हवी होती, 'गुरुवार बंद' एवढीच.

अक्षरे इतकी रुंद निघाली की 'गुरुवार' एका ओळीत मावेना. उमेशने 'गुरु' वर घेतले, 'वार बंद' खाली. 'व'च्या पोटात तिळाएवढी जागा उरली होती, तीही छापताना शाईने भरून गेली. पुष्पाने पाटी रस्त्याकडेच्या झाडाला टांगली.

दुसऱ्याच दिवशी जिवा जीपवाल्याने ब्रेक मारला. "वहिनी, हा गुरु बार उघडणार कवा?"

"कसला बार?"

"पाटीवर लिवलंय ना, गुरु बार बंद. बंद हाय म्हंजे कवातरी उघडंलच की!"

"अरे बार नाय, गुरुवार! गुरुवार!"

"असं व्हय! गुरुवारी उघडतोय!" जिवा खूश होऊन निघून गेला आणि साखरशेतपर्यंत ज्याला त्याला सांगत सुटला.

मग माणसे चौकशीला येऊ लागली. गुरु म्हणजे कोण, यावर बाकावर चर्चा रंगली. एक म्हणाला, नाशिकचा बडा शेठ आहे. दुसरा म्हणाला, आत एसी बसवणार आहेत. पुष्पा प्रत्येकाला "गुरुवार, गुरुवार" सांगून थकली आणि दर खेपेला त्यांची खात्री अधिकच पक्की झाली.

बातमी भागीमावशीपर्यंत गेली, तेव्हा मात्र पुष्पा घाबरली. भागीमावशी गावच्या दारूबंदीच्या महिला गटाची पुढारी होती. पुष्पाही त्याच गटात होती. तिने आईकडे जाणे रद्द केले आणि उमेशला फोन करून चांगले झापले.

गुरुवारी सकाळी बाक पुरुषांनी भरला होता. कित्येकांनी दाढी करून इस्त्रीचे शर्ट घातले होते. उमेश शिडी घेऊन पोचला आणि त्याच्या पाठोपाठ घोषणा देत बायकांचा मोर्चाही आला.

"पुष्पे!" भागीमावशी गरजली. "आमच्यात बसून शपथ घेतलीस नि हितं बार काढतेस?"

"देवाशपथ मावशी, भाकरीबिगर काय नाय हितं!" पुष्पाचा आवाज रडवेला झाला. "झोपडी उघडून बघा. ह्या मेल्या अक्षरांनी माझं नाव घालवलं!"

भागीमावशी झोपडीकडे वळली आणि थबकली. बाकाच्या टोकाला चहाच्या ग्लासामागे तोंड लपवून तिचा नवरा देवानंद बसला होता.

"तुमी? हितं?"

"मी होय... अक्षरं बघाया आलो," देवानंद म्हणाला. "लोक म्हणं, लय जाड हायत."

"आलाय तर मग वाचा."

देवानंद उठला. त्याने पाटीकडे पाहिले, मग बायकोकडे, मग पुन्हा पाटीकडे.

"गुरु..." तो अडखळला. सगळा बाक श्वास रोखून बसला. "गुरु... वार! गुरुवार बंद!"

आठवडाभरात ती पाटी बरोबर वाचणारा तो पहिला माणूस होता.

बाकावरचे पुरुष एकदम उठले आणि ज्याला त्याला शेतावरची कामे आठवली. पुष्पाने डोळे पुसले. उमेशने घाईघाईने शिडी लावली. "मावशी, 'व'चं पोट बुजलंय. आत्ता उतरवतो. बारीक अक्षरात नवी करून देतो, फुकट."

"हात नको लावूस," भागीमावशी म्हणाली. तिने पाटी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. एवढ्या उपयोगाची वस्तू तिच्या गटाला आजवर मिळाली नव्हती. "पुष्पे, ही अशीच ऱ्हाऊ दे. हिला जो कुणी 'बार' वाचंल, त्याचं नाव मला सांगायचं. आता भाकऱ्या टाक, सगळ्या उपाशी हायत."

तेव्हापासून त्या वळणावर जीप आली की आतले पुरुष कुणी न विचारता एका सुरात मोठ्याने वाचतात, "गुरुवार! गुरुवार बंद!"

सोमवार असला तरीही.