सुकडीवाल्यांची हजेरी

गोमा मुकादम रोज सकाळी सात वाजता आमच्या शेणव्याच्या एसटी थांब्यावर बेकारांची हजेरी घेतात. हातात कागद नाही, नावं तोंडपाठ. बी.ए. झालेला किसन, गुडघे गेलेला म्हातारा धाकू, सगळे मुकाट ‘हाय’ म्हणतात. तीन दिवस कोणी दिसला नाही, तर मुकादम काठी टेकत त्याच्या दारात. “आजारी हायस का कामाला लागलास?”

एके काळी रोजगार हमीच्या कामांवर ते मुकादम होते. आता ती खोदाई जेसीबी करतो, हजेरीची खोड तेवढी राहिली. फुकटचं रेशन असो की निराधारांचा पगार, त्यांच्या लेखी सगळी सुकडी आणि घेणारा सुकडीवाला. मोठ्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना सरकार जो गोड भुगा द्यायचं, ती सुकडी. पन्नास वर्षं उलटली तरी मुकादम शब्द बदलायला तयार नाहीत. पेन्शनवाल्या गुरुजींनाही ते विचारतात, “सुकडी आली का?”

मला याची फार गंमत वाटायची. मग आसनगावची माझी कंपनी बंद पडली. घरी सांगायचा धीर होईना. आईचं ब्लडप्रेशर हे निमित्त, खरी लाज माझीच. डबा घेऊन निघायचं, शहापूरच्या स्टँडवर दिवस काढायचा आणि संध्याकाळी परतायचं. एका दुपारी तिथेच डबा खाताना मुकादमांनी मला पाहिलं. डोळे तपासायला आले होते. काठी टेकत पुढे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आई मुरबाडच्या गाडीसाठी माझ्याबरोबर थांब्यावर आली. हजेरी चालू होती. धाकूच्या नावानंतर मुकादम माझ्याकडे बघून थांबले.

“सरका रे बाजूला,” ते म्हणाले. “याला कामावर जायाचा हाय. टाइम होतोय त्याचा.”

संध्याकाळी उतरलो तर ते एकटेच बसले होते. त्यांनी पुडी पुढे केली. भाजलेल्या पिठात गूळ, जरा करपलेला. बायको गेल्यापासून चूल तेच सांभाळतात.

“सुकडी कामावरच खायाची, घरी न्यायाची नाय, असा कायदा होता,” ते म्हणाले. “माझी आय पदरात बांधून आणायची. तिथला मुकादम तोंड फिरवून उभा राहायचा, म्हणून मी जगलो. खा. आन् आयला सांग रे.”

मी खाल्ली. खाताना रडू आलं. मुकादम रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

घरी जाऊन आईला सांगितलं. सकाळी डबा न घेताच थांब्यावर गेलो. धाकूनंतर मुकादमांनी माझं नाव घेतलं.

“हाय,” मी म्हटलं.