होयबा सिनेगॉगमध्ये

माणूस कसा जिंकावा, हे मला कुणी शिकवू नये! मी पंखे-मिक्सरच्या एका कंपनीत तक्रार खिडकीवर बसतो. लोक जळका मिक्सर माझ्या नाकासमोर नाचवत येतात. मी म्हणतो, "अगदी बरोबर आहे तुमचं!" आणि ते तोच मिक्सर काखोटीला मारून, वर माझेच आभार मानत घरी जातात. तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांना खिशात घालणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

हे सासरे घड्याळं दुरुस्त करतात. मुलगी दातांची डॉक्टर. आमचं दोघांचं केव्हाच ठरलंय, पण वडील हो म्हणाल्याशिवाय ती लग्न करणार नाही. आणि वडिलांचा निरोप आला, "बुधवारी सिनेगॉगमध्ये तोराच्या वर्गाला ये म्हणावं. धर्मग्रंथासमोर माणूस कळतो. मग बघू."

"अरे, पण तिथली पद्धत जरा..." ती फोनवर सांगायला लागली.

"पद्धत मला नको सांगूस! तू साडी निवड!" मी फोन ठेवला. आनंदानं नुसत्या उकळ्या फुटत होत्या!

सिनेगॉगच्या मागच्या खोलीत लांब टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर माणसं आधीच हातघाईवर आलेली. लहानपणानंतर मी आमच्या ज्यूंच्या या प्रार्थनाघरात पहिल्यांदाच येत होतो. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर नवी टोपी! वर्ग घेणाऱ्या बाईंनी आठवड्याचा उतारा वाचला. देव एक पापी शहर जाळायला निघतो, आणि अब्राहाम चक्क देवाशी घासाघीस करतो. पन्नास चांगली माणसं सापडली तर शहर सोडशील? बरं, पंचेचाळीस? चाळीस? करत करत दहावर आणतो आणि गप्प बसतो.

"दहावरच का थांबला?" बाई म्हणाल्या. "चला, जोड्या करा!"

ती पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली, आणि तिच्या वडिलांनी, घड्याळवाल्या काकांनी, मला शेजारी ओढलं. डोळे असे चमकत होते! "दहा जण जमले की आपली प्रार्थनेची मंडळी पुरी होते. त्याखाली मंडळीच नाही, म्हणून थांबला. काय म्हणतोस?"

"वा काका! अगदी बरोबर!"

त्यांनी जरा वाट पाहिली. "किंवा देवाला उशीर होत असेल."

"तेही खरंच!"

"किंवा," काकांचा आवाज चढला, "त्याला दहाच्या पुढे उलटे आकडे येत नसतील!"

"काय बारीक विचार केलात हो, काका!"

काकांनी पुस्तक मिटलं. सगळीकडे बाजार भरल्यासारखा गलका, आणि आमच्या टेबलावर स्मशानशांतता! "पोरा," ते पडेल आवाजात म्हणाले, "घड्याळात एकमेकांत अडकलेली दोन चाकं उलट्या दिशांनी फिरतात, म्हणून काटा पुढे सरकतो. तू तर माझं घड्याळच बंद पाडलंस."

लग्न चाललं हातातून! पलीकडच्या टेबलावरून ती मला डोळे वटारून, ओठांनी सांगत होती, "भांड ना रे!"

आणि मी भांडलो!

"साफ चूक!" मी टेबलावर मूठ आपटली. "दहा हवेत, म्हणजे नऊ चांगली माणसं जळाली तर चालतील?"

काका एकदम ताठ बसले. "मंडळीच नाही तर..."

"मंडळी गेली खड्ड्यात! एकच चांगला माणूस असेल, तर त्यानं काय करायचं? आणखी नऊ शोधत फिरायचं?"

"अरे वा! पण एकट्याला देव बाहेर काढेलच की!"

"कबूल नाही! शेजारी जळत असताना जो एकटा निघून जातो, तो चांगला कसा?"

काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं खिडकीत गिळलेले सगळे 'नाही' एकदम बाहेर पडत होते! लोक खुर्च्या ओढून आमच्याभोवती जमले. काका एक बोलले की माझी मूठ टेबलावर! "चूक!" धाड! "पुरावा काय?" धाड!

शेवटी काका उभे राहिले. डोळ्यांत पाणी, हात माझ्या खांद्यावर. "मंडळी, हाच मुलगा माझ्या मुलीला योग्य आहे!"

"साफ चूक!" धाड! "पुरावा काय?"

मी जीभ चावली. "म्हणजे... नाही... म्हणजे हो!" मी ततपप करत होतो. पण काकांचा चेहरा खुलला होता. "मुद्दा उत्तम आहे!" ते ओरडले. "बाई, घ्या चर्चेला!"

बाईंनी घेतला! मी योग्य, ही बाजू काकांनी मांडली. मी अयोग्य, ही बाजू मांडायला कोण उठावं? ती! घोरण्यापासून फोन मध्येच ठेवण्यापर्यंत तिनं माझं एकेक दुखणं असं मुळासकट उपटलं, की मीच मान डोलावत होतो. काकांनीही हात टेकले.

"मग काय, नाही म्हणायचं का गं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"नाही कशाला?" ती म्हणाली. "चर्चा चर्चेच्या जागी, नवरा नवऱ्याच्या जागी!"

तर मंडळी, लग्न ठरलं! फक्त मी अयोग्य आहे, हेही त्या वर्गात एकमतानं ठरलं. आणि बाई सांगत होत्या, तिथे कशावर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.