माणशी चार धोंडे

धोंडे किती करायचे, हे मी मोबाईलवर एक्सेलमध्ये काढायचं ठरवलं. (इथंच चुकलं. पण दुपारी पंगत बसेपर्यंत मी हे मान्य करणाऱ्यांतला नव्हतो.)

करिष्माच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. जावई प्रविण धरून धर्मापुरीची पंचवीस माणसं जेवायला येणार, घाटनांदूरची आमची पंधरा. माणशी चार धोंडे, पुरण भरून उकडलेले. व्याही अर्धपोटी उठले, तर लेकीला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

मी शाळेत क्लार्क. बावीस वर्षं तक्ते भरतोय. ऐटीत टाकलं: =२५+१५*४. उत्तर पंच्याऐंशी.

"एवढेच?" माझी बायको अंजना म्हणाली. "लई कमी वाटतेत."

"कॉम्प्युटर हाय तो! तुझ्यावानी अंदाजपंचे न्हाई."

पुरण तिनं तरी तिच्याच अंदाजानं घातलं. पंच्याऐंशीवा धोंडा झाल्यावर मात्र मी तिला उठवलंच.

पंगतीत आधी पाहुणे बसले. एकेक धोंडा वाढत चौथ्यांदा निघालो, दहा ताटं झाली अन् परात रिकामी! पुढचं ताट नेमकं आप्पारावांचं, म्हणजे प्रविणच्या वडलांचं. करिष्मानं माझ्याकडं असं बघितलं की मी खिशात हात घातला.

"हिशोब बरोबर हाय," मी मोबाईल पुढं केला. "हे बघा!"

प्रविणनं बघितलं. "मामा, कंस कुठंय? कंस नसला की गुणाकार आधी होतो. चारानं गुणलं ते फक्त तुमच्या पंधराला. आमच्या पंचवीस जणांना एकेकच धोंडा!"



"इवाई," आप्पारावांनी हात आखडला, "आमाला एक अन् तुमाला चार? असं कावून?"

"एक्सेलचा नियमच हाय तसा..."

"आन् नियमात तुमचेच लोक आधी!"

तेवढ्यात अंजना पुरणाचं पातेलं घेऊन बाहेर आली. "उठू नका दादा, पुरण भरपूर हाय. जावईबापू, तुमीच सांगा, आणिक किती करू?"

प्रविणनं कंस टाकला: =(२५+१५)*४-८५.

"पंधरा न्हाई, चौदा धरा," अंजना म्हणाली.

"अगं, आपले पंधरा हायेत!" मी म्हणालो.

"हायेत की. एक कंसाबाहेर बसल."

उत्तर एकाहत्तर आलं. अगदी बरोबर होतं. मी चुलीपाशी बसून शिळ्या भाकरीसोबत दोनदा पडताळून पाहिलं.