आधी मोठ्या बाई, मग पंगत

मागच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या पुतण्याच्या लग्नात आचाऱ्याने जेवण तयार असल्याचं सांगितलं आणि आमच्या मोठ्या बाई तडक मांडवामागे गेल्या. प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखलं, खुर्ची ओढली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. आचारी भडकला. "बाई, आम्ही काय विष घातलंय?"

"नसेल. अर्ध्या तासात कळेल," बाई म्हणाल्या.

सगळे व्याही माझ्याकडे बघायला लागले.

या आमच्या शेवंताबाई भोये, सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरच्या आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका; मी तिथलाच एक मास्तर. पोरांना वाढण्याआधी शाळेतल्या मोठ्या माणसाने जेवण चाखायचं आणि अर्धा तास थांबायचं, ही आमच्याकडची रीत. कुणाही शिक्षकाने चाखलं तरी चालतं. पण बाई दुसऱ्याच्या जिभेवर विश्वास ठेवतील तर शपथ! "मला काही झालं तर झालं. पोरांना झालं तर त्यांच्या आयांना काय सांगू?" हे त्यांचं पालुपद. या पालुपदापायी मी वर्षानुवर्षं गार भात गिळतोय. मला खाण्याची आवड आहे, हे मी लपवत नाही. माझं पोट लपवू देत नाही.

सवय इतकी अंगात मुरलेली की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातातला पेढाही त्यांनी "थांबा साहेब" म्हणून मोडून घेतला. साहेब अर्धा तास उरलेल्या पेढ्याकडे बघत बसले. पेढा मी आणला होता, त्यामुळे मला दरदरून घाम फुटला.

बाईंची एकुलती एक लेक रसिका जव्हारला मामाकडे वाढली. वडील लवकर गेले आणि आई शाळेच्या क्वार्टरमध्ये. या रविवारी जाते, त्या रविवारी जाते, असं बाई म्हणायच्या; पण निवासी शाळेतली पोरं रविवारी जेवायची थांबतात होय? लहानपणी रसिका एकदा म्हणाली होती, "आई, माझं नाव तुझ्याच शाळेत घाल. निदान माझं जेवण तरी चाखशील." बाई हे हसत हसत सांगायच्या. मला कधी हसू आलं नाही.

यंदा चैत्रात रसिकाचा साखरपुडा ठरला. रविवारी, भर दुपारी, जव्हारला. आदल्या दिवशी तिने फोनवर बजावलं. आमच्याकडे रेंज फक्त झेंड्याच्या खांबापाशी येते आणि बाई फोन स्पीकरवर लावतात, त्यामुळे आख्ख्या शाळेने ऐकलं. "टायफॉइड झाला तेव्हा आली नाहीस. दहावीच्या निकालाला आली नाहीस. उद्या आली नाहीस ना आई, तर यापुढे मी बोलावणार नाही."

"येते गं. नक्की येते."

रविवारी स्वयंपाक लवकर उरकला. बाई जांभळी साडी नेसून तयार, जीप दारात. मीही इस्त्रीचा शर्ट घालून, साखरपुड्याच्या जेवणाच्या आशेने सकाळपासून उपाशी. बाईंनी डाळ चाखली. थबकल्या. पुन्हा चाखली.

"जानकी, डिझेलचा वास येतोय."

आमच्या स्वयंपाकीणबाईंनी पातेलं हुंगलं. "नाय बाय, कायी नाय. तुम्ही जावा. आज एक दिस आम्ही बघू."

मी चाखली. नाक सर्दीने चोंदलेलं. "उत्तम आहे!" म्हणालो. खरं सांगतो, त्या वेळी चिखल दिला असता तरी मी उत्तमच म्हटलं असतं.

बाईंनी घड्याळ बघितलं. जीपकडे बघितलं. ओळीने बसलेल्या पोरांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ओतून टाका ती डाळ."

पाण्याची टंचाई, म्हणून टँकरवाल्याकडून पाण्याचं एक जादा पिंप आणलं होतं; डाळ तेवढी त्या पाण्यात शिजवलेली. मी वाकून बघितलं, तर तळाच्या पाण्यावर तेलाचा तवंग.

मग लांबच्या विहिरीवरून पाणी आणा, नवी डाळ चढवा. बाई पदर खोचून चुलीपाशी उभ्या. तेवढ्यात खांबाला अडकवलेला फोन वाजला.

"निघालीस?"

"रसिका, जरा डाळ..."

तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "उरक तुझं." आणि फोन बंद.

"बाई, जा हो!" मी अक्षरशः ओरडलो. "मी चाखतो, मी थांबतो. मला नका नेऊ जेवायला!" माझ्या तोंडून हे निघालं, म्हणजे प्रसंग केवढा बाका असेल बघा.

"मघाशी तुम्ही उत्तम म्हणालात, गुरुजी."

बाईंनी नवी डाळ चाखली आणि तो अर्धा तास उभ्यानेच काढला, एकदा डोळे पुसत, एकदा घड्याळ बघत. पोरं जेवायला बसली तेव्हा कुठे आम्ही निघालो. घाटात बाई एकच वाक्य बोलल्या. "आता कुठल्या तोंडाने जाऊ तिच्यासमोर?"

जव्हारला पोचलो तर अंगठ्या केव्हाच घालून झाल्या होत्या. पण माणसं रिकाम्या पत्रावळींसमोर ताटकळत बसलेली. मामी दारातच कडाडली, "ताई, तुमच्या लेकीनं पंगत अडवून धरलीय! माणसं काय म्हणतील?"

मागच्या अंगणात चुलीवरच्या पातेल्यांपाशी रसिका उभी होती. अंगावर भरजरी साडी, हातात पळी, डोळे रडून लाल. आईला बघून ती जागची हलली नाही.

"अंगठी तू नसताना घातली," ती म्हणाली. "जेवण नाही वाढू दिलं. एकदा तरी माझ्याकडचं तू आधी चाख."

बाईंनी पळीतलं तळहातावर घेतलं, चाखलं, आणि त्यांना हुंदका आवरेना. मी सवयीने घड्याळ बघितलं. पोटात खड्डा पडला होता. रसिकाही आईच्या मनगटाकडे बघत होती.

"थांबायचं ना अर्धा तास?"

बाईंनी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि लेकीला जवळ ओढलं. "अजून किती थांबवू गं तुला? वाढा रे, वाढा!"

मायलेकी एकाच पानावर जेवल्या. बाईंसोबत पंगतीला बसून माझ्या पानात पहिल्यांदाच वाफाळता भात पडला होता, आणि मायलेकींकडे बघता बघता मी तोही गार करून टाकला.